पाण्याखाली फोटो पण आणि व्हिडिओ पण: टीजी-६ तीन सीझन वापरल्यावर

दिवाळीच्या आसपास मालवणच्या बोटी सुरू झाल्या आणि लोकांची अंदमानची तिकिटं निघाली की मला ठरलेले मेसेज यायला लागतात, दादा पाण्याखाली न्यायला कॅमेरा कोणता घेऊ, फोटो पण काढायचेत व्हिडिओ पण पाहिजे, बजेट पन्नास-साठ हजार, जास्तीत जास्त सत्तर. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो. मी काही प्रोफेशनल नाही. डोंबिवलीत राहतो, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, २०१९ ला अंदमानात हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, केलं आणि तेव्हापासून सुट्ट्या आणि बोनस दोन्ही समुद्रात बुडवतोय. ऑलिंपसचा टीजी-६ आणि त्याचं पीटी-०५९ हाऊसिंग (कॅमेऱ्यावर घालायचं वॉटरप्रूफ कवच) २०२२ च्या दिवाळीत घेतलं, तीन सीझन झाले, सत्तरच्या वर डाइव्ह त्यावर झाल्या. त्याआधी गोप्रो हीरो ७ होता, आणि मित्राचा सोनी आरएक्स१०० हाऊसिंगसकट दोन डाइव्ह मागून वापरलाय (दोन्ही डाइव्हना पोटात गोळा, कारण तो बुडाला असता तर मैत्री पण बुडाली असती). तर या तिघांच्या अनुभवावर लिहितोय.

पहिली गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती आणि दीड वर्ष वाया गेलं. पाण्याखाली कॅमेरा हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न तुम्ही किती जवळ जाणार आणि दुसरा उजेड कुठून आणणार. पाणी लाल रंग आधी खातं, पाचेक मीटरलाच लाल मरायला लागतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि शेवटी सगळं निळं किंवा हिरवं. हे नुसतं वाचून डोक्यात शिरत नाही. मला शिरलं ते १८ मीटरला मूरिंगच्या दोरीवरच्या कालवांनी बोट कापलं तेव्हा, रक्त आलं आणि ते हिरवट काळं दिसलं, शप्पथ सांगतो एक सेकंद वाटलं हे माझं नाहीच. वर आल्यावर बघितलं तर व्यवस्थित लाल. आता हेच कॅमेऱ्याला लावा. आणि यात नुसती खोली मोजायची नसते, वरून माशापर्यंत आणि माशापासून लेन्सपर्यंत असा उजेडाचा सगळा प्रवास मोजायचा. तुम्ही पाच मीटर खोल आहात आणि मासा तुमच्यापासून पाच मीटरवर आहे म्हणजे रंगाच्या हिशोबाने तुम्ही दहा मीटरला आहात. म्हणून लांबून झूम करून काढलेला कासवाचा फोटो कुठल्याही कॅमेऱ्यात भिकारच येतो, लाखाचा कॅमेरा असला तरी.

आता फोटो आणि व्हिडिओ यांचं भांडण नक्की कुठे आहे ते सांगतो, कारण 'दोन्ही' म्हणणाऱ्यांना वाटतं की फक्त बटण वेगळं असतं.

फोटोत रॉ (सेन्सरची कच्ची, न दाबलेली फाइल) असेल तर रंगाची चूक घरी येऊन निस्तरता येते, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंगांचा तोल) लॅपटॉपवर सरकवला की काम झालं. टीजी-६ मध्ये रॉ आहे, बऱ्याच छोट्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यांत नसतं, निम्मे लोक तो याच कारणासाठी घेतात. व्हिडिओत ही चैन नाही, तिथे रंग पाण्यातच बरोबर घ्यावा लागतो. म्हणजे खाली गेल्यावर पांढरी पाटी किंवा वाळू समोर धरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा, आणि तीन-चार मीटर वरखाली झालं की परत घ्यायचा. टीजी-६ मध्ये हे हाऊसिंगच्या बटणांवरून होतं, आधी घरी सोफ्यावर बसून दहादा सराव केला की पाण्यात पाच-सात सेकंदांचं काम. कॅननचा जी७एक्स यात नावाजलेला आहे. सोनीच्या जुन्या आरएक्स१०० मध्ये खोलवर कस्टम व्हाइट बॅलन्स घेताना एरर येतो असं अंडरवॉटरवाले वर्षानुवर्षं सांगत आलेत, त्यामुळे सेकंडहँड सोनी घेणार असाल तर ते मॉडेल बघून घ्या.

दुसरं भांडण लाईटचं. फोटोला स्ट्रोब लागतो, म्हणजे फ्लॅश, तो एका झटक्यात इतका उजेड टाकतो की पळता मासा गोठतो. व्हिडिओला स्ट्रोबचा शून्य उपयोग, तिथे सलग जळणारा लाईट पाहिजे. आणि व्हिडिओ लाईट वर कितीही झगझगीत वाटला, खोलीत लावला तर बायको ओरडेल इतका, तरी पाण्यात तो साधारण एक मीटरपर्यंतच कामाचा, त्याच्या पलीकडे नुसता धूर. मग दोन्ही घ्यायचे का? दोन्ही घेतले की दोन आर्म, मोठा ट्रे, क्लॅम्प, आणि पाण्यात तुम्ही डायव्हर कमी आणि खेकडा जास्त दिसता. मी एक सीझन तसा दिसलो. डावीकडे स्ट्रोब, उजवीकडे लाईट, आणि त्या सीझनला ना फोटो धड ना व्हिडिओ धड, कारण प्रत्येक वेळी मासा समोर आला की मी ठरवत बसायचो की याचा फोटो काढू का व्हिडिओ, तोवर मासा कंटाळून गेलेला.

माझ्यापुरता याचा तोडगा मॅक्रोमध्ये, म्हणजे छोटे जीव अगदी जवळून काढण्यात, निघाला. वस्तू लेन्सपासून पाच-दहा सेंटीमीटरवर असेल तर एकच बऱ्यापैकी व्हिडिओ लाईट फोटोला पण पुरतो, कारण मध्ये पाणीच नाही. आणि इथेच टीजी-६ असा कॅमेरा आहे की बाकी सगळं माफ. यात मायक्रोस्कोप मोड आहे, लेन्सच्या काचेपासून एक सेंटीमीटरवर फोकस होतो. एक सेंटीमीटर! गोप्रोसारख्या ॲक्शन कॅमेऱ्यांना फिक्स्ड फोकस असतो, साधारण एक फुटाच्या आत सगळं पुसट, त्यामुळे गोप्रोवर छोटे जीव काढायचे तर पुढे वेगळी मॅक्रो लेन्स लावायची. टीजीला काही लावायचं नाही, डायल फिरवला की झालं, आणि त्याच डाइव्हमध्ये डायल परत फिरवला की कासव पण काढता येतं. मोठ्या कॅमेऱ्यावाल्याला बोटीवरच ठरवावं लागतं आज मॅक्रो पोर्ट का डोम पोर्ट (पोर्ट म्हणजे हाऊसिंगची लेन्सपुढची काच, डोम मोठ्या दृश्यांसाठी), आणि मॅक्रो लावून उतरला की त्याच दिवशी डोक्यावरून भलामोठा मांटा रे मासा जातो, हा डायव्हिंगचा अलिखित नियम आहे.

मागच्या जानेवारीत मालवणला पाणी हिरवं होतं, तीन मीटरच्या पुढे काही नाही. तांडेल आधीच म्हणाला होता, "आज कायएक दिसाचा नाय, उगाच उतरतास." गोप्रो असता तर खरंच त्या डाइव्हचं काही हाती लागलं नसतं. मी एका खडकाच्या कपारीपाशी पंचवीस मिनिटं काढली, तिथे एक समुद्री गोगलगाय, न्यूडिब्रँच म्हणतात ती, दीड सेंटीमीटर असेल, पांढरट अंग आणि कडेला जांभळी रेघ, शिंगांच्या टोकाला नारिंगी. लाईट बाजूने तिरका धरला, वरून नाही, श्वास अर्धा ठेवला म्हणजे शरीर वरखाली कमी होतं (श्वास रोखायचा नाही, ते डाइव्हिंगमधलं महापाप), आणि चाळीस फोटो काढले. त्यातले सहा शार्प. तिचा पाठीवरचा कल्ल्यांचा गुच्छ फुलासारखा उघडमीट होतो, त्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ आला तो मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला व्हिडिओ आहे. संध्याकाळी मामीला मोबाईलवर दाखवला. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बरा आसा. पण ह्या खातत काय रे?"

तर टीजीचं कौतुक इतकं, आता तक्रारी. त्याचा सेन्सर छोटा आहे, मोबाईलच्या जातीचा, १/२.३३ इंच. सोनी आरएक्स१०० किंवा कॅनन जी७एक्सचा एक इंची सेन्सर क्षेत्रफळाने साधारण चौपट. हे कागदावर वाचून काही वाटत नाही पण वीस मीटरच्या खाली, उजेड कमी, लाईट न लावता वाईड व्हिडिओ घ्या, टीजीच्या फुटेजमध्ये सावल्यांत मुंग्या दिसायला लागतात. मित्राच्या सोनीवर हॅवलॉकजवळच्या डिक्सन्स पिनॅकल या डाइव्हच्या जागी बॅराकुडांचा थवा घेतला, तोच मी आदल्या दिवशी टीजीवर घेतलेला, दोन्ही टीव्हीवर शेजारी लावले तर बायकोने न सांगता ओळखलं कुठला महाग.

मॅन्युअल मोड नाही. शटर स्पीड स्वतः ठरवता येत नाही, पी आणि ए मोडवर (शटर कॅमेराच ठरवतो ते मोड) भागवायचं. ज्यांना डीएसएलआरची सवय आहे त्यांना पहिले दोन महिने हात बांधल्यासारखं वाटेल. व्हिडिओत ऑटोफोकस पाण्यात तरंगणारा कचरा पकडतो आणि शोधाशोध करत बसतो, म्हणून मी वाईड व्हिडिओला फोकस एकदा घेऊन लॉक करतो. फोर-के फक्त तीस फ्रेमला. पाण्याखाली साठ फ्रेमला घेऊन निम्म्या वेगाने दाखवलं की सगळं संथ छान दिसतं, हाताची थरथर पण लपते, ते टीजीवर फुल एचडीतच मिळतं. स्टॅबिलायझेशन आहे, पण गोप्रोच्या हायपरस्मूथपुढे ते काही नाही.

व्हिडिओ हाच तुमचा मुख्य विषय असेल, म्हणजे डाइव्हची आठवण, मित्रमंडळी, कासव, रेक (बुडालेलं जहाज), मोठे थवे, तर सरळ ॲक्शन कॅमेरा घ्या, माझं ऐका आणि टीजीच्या नादी लागू नका. गोप्रो अंगचा १० मीटरपर्यंत चालतो, हाऊसिंग घातलं की ६० मीटर. डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ हाऊसिंगशिवाय १८ मीटर आणि ॲक्शन ५ प्रो २० मीटर. १८ हा आकडा ओळखीचा वाटला ना, ओपन वॉटर डायव्हरची मर्यादाच तेवढी. तरी हाऊसिंग घालाच, कारण ते आकडे दार नीट बंद असेल, रबर नवं असेल, कुठे आपटलेला नसेल अशा कॅमेऱ्याचे असतात, आणि हाऊसिंगची पाच-सहा हजारांची काच फुटली तर कॅमेरा तरी वाचतो. ॲक्शन कॅमेऱ्याला पंधरा-वीस मीटरमध्ये निळ्या पाण्यात लाल फिल्टर लावला तर बराच फरक पडतो. मालवणच्या किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडच्या हिरव्या पाण्यात लाल नाही, मजेंटा फिल्टर लागतो, हे दुकानदार सांगत नाहीत कारण बहुतेकांना माहीतच नसतं. आणि फिल्टर लावलेला असताना व्हिडिओ लाईट चालू करायचा नाही, नाहीतर जवळचं सगळं लग्नाच्या मांडवासारखं गुलाबी येतं. दोन्हीतलं एक.

मग ॲक्शन कॅमेऱ्याने फोटो? निघतात. ग्रुप फोटो चांगले निघतात. तेवढंच.

हिरव्या पाण्यावरून आठवलं, गढूळ पाण्यात फ्लॅश सरळ समोरून मारला की पाण्यातला प्रत्येक कण चमकतो, फोटोवर रवा सांडल्यासारखं दिसतं, त्याला बॅकस्कॅटर म्हणतात. टीजीचा स्वतःचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी आहे त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर तो एकटा वापरणं म्हणजे रव्याचा लाडू. बाहेरचा स्ट्रोब बाजूला लांब, किंचित मागे आणि थोडा बाहेरच्या दिशेला वळवून ठेवायचा, म्हणजे उजेडाची फक्त कड वस्तूवर पडते आणि मधलं पाणी अंधारात राहतं. टीजीचा छोटा फ्लॅश मग फक्त फायबर केबलमधून स्ट्रोबला इशारा देण्यापुरता. हे जमायला मला दहा-बारा डाइव्ह लागल्या. सुरुवातीला काहीच विकत घेऊ नका, नुसता लाईट घ्या, स्ट्रोब दुसऱ्या वर्षी.

एक इंची सेन्सरवाले कॅमेरे, म्हणजे आरएक्स१०० किंवा जी७एक्स, हे खरं तर 'दोन्ही' या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर. फोटो पण उत्तम, व्हिडिओ पण उत्तम, मॅन्युअल सगळं. पण तीन गोष्टी. हाऊसिंगची किंमत कधी कधी कॅमेऱ्याइतकी, चांगल्या ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगची तर त्याहून जास्त. खरं मॅक्रो पाहिजे तर पुढे वेट लेन्स (हाऊसिंगच्या काचेवर बाहेरून लावायची लेन्स), वाईड पाहिजे तर आणखी एक वेट लेन्स, कारण सपाट काचेमागे पाण्यात लेन्स साधारण एक तृतीयांशाने अरुंद होते, २४ ची लेन्स ३२ सारखी वागते, मग मोठी वस्तू फ्रेममध्ये घ्यायला मागे सरकावं लागतं आणि मागे सरकलं की पाणी वाढलं आणि रंग गेला. टीजीला पण हाच आजार आहे बरं का, २५ ची ३३ होते, रेक काढायचा तर त्याला पण वेट वाईड लेन्स लागतेच. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, हे कॅमेरे स्वतः वॉटरप्रूफ नाहीत. हाऊसिंगमध्ये पाणी गेलं की खेळ खलास.

यावर माझीच कहाणी. मी दिवसभर ऑफिसात काय करतो, तर व्हॉल्व्हची सीट आणि ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी रिंग, हाऊसिंगलाही तीच असते) तपासतो, खाचा, चिरा, ग्रीस कमी का जास्त, यासाठी मला पगार मिळतो. आणि नेत्राणीला, मुर्डेश्वरच्या समोरचं बेट, दोन डाइव्हच्या मध्ये बोटीवर बॅटरी बदलायला हाऊसिंग उघडलं, हात पुसले टॉवेलला, ओ-रिंगवर नजर टाकली, ठीक वाटली, बंद केलं. बोट हलत होती, ऊन होतं, पुढच्या डाइव्हची गडबड. बारा मीटरला पोर्टच्या आतल्या बाजूला एक मोत्यासारखा थेंब दिसला. मग दुसरा. दहा मीटरला एक वातावरण जास्तीचा दाब असतो, तो थेंबाला आत ढकलतच राहतो. बडीला (जोडीच्या डायव्हरला) खूण केली, हाऊसिंगचा पोर्ट खाली करून धरला म्हणजे आलेलं पाणी खाली साचेल आणि बॅटरीच्या दारापासून लांब राहील, शांतपणे वर निघालो, पाच मीटरला तीन मिनिटं थांबलो (कॅमेऱ्यासाठी सेफ्टी स्टॉप सोडायचा नसतो, कॅमेरा दुसरा मिळतो). वर येईपर्यंत चहाच्या कटिंगएवढं पाणी आत. उघडून बघितलं तर ओ-रिंगवर टॉवेलचा एक दोरा, पांढरा, अर्धा इंच. ऑफिसात हे कोणालाच सांगितलेलं नाही.

कॅमेरा? कॅमेऱ्याला काही झालं नाही, कारण टीजी-६ हाऊसिंगशिवायच १५ मीटरचा वॉटरप्रूफ आहे. गोड्या पाण्यात धुतला, पुसला, संध्याकाळी सूर्यास्ताचे फोटो काढले. त्या दिवशी माझ्या हातात मित्राचा सोनी असता तर मी हे लिहीत नसतो, हप्ते भरत असतो. नवशिक्याने टीजी घ्यावा याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे, मायक्रोस्कोपच्या पण आधी. चूक होणारच आहे, ओ-रिंगवाल्याची झाली तर तुमची होणार नाही का.

तेव्हापासून बोटीवर हाऊसिंग उघडत नाही. टीजीची बॅटरी कागदावर साडेतीनशेच्या आसपास फोटोंची, पण फोर-के आणि स्क्रीन सतत चालू म्हणजे एक पूर्ण डाइव्ह आणि दुसरीतली निम्मी, म्हणून दोन डाइव्हच्या दिवशी पहिल्या डाइव्हला व्हिडिओ कमी. आदल्या रात्री हॉटेलवर ओ-रिंग काढून बोटांनी चाचपायची, डोळ्यांपेक्षा बोटाला केस आधी कळतो, ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, चमक येण्यापुरतं, थापायचं नाही. ग्रीस कोरडेपणा घालवायला असतं, गळती बुजवायला नाही, हे मी माझ्या कंपनीतल्या ट्रेनी मुलांना पण सांगतो. नवीन हाऊसिंग पहिल्यांदा रिकामं खाली न्यायचं, आत टिश्यू पेपर ठेवून. टिश्यू कोरडा वर आला तर दुसऱ्या डाइव्हला कॅमेरा. आणि सिलिका जेलची पुडी आत, कारण दमट हवेत बंद केलेलं हाऊसिंग उन्हात तापून गार पाण्यात गेलं की काचेला आतून धुकं धरतं आणि मग सगळी डाइव्ह विझलेली. डाइव्ह झाली की गोड्या पाण्याच्या टबात अर्धा तास, बटणं दाबत राहायची म्हणजे खाली अडकलेलं मीठ निघतं. बोटीवरच्या त्या टबात वीस मास्क आणि लोकांचे बूट एकत्र असतात, तिथे लेन्स वर करून सोडून जाऊ नका.

मोबाईलचं पण विचारतात. मोबाईल आयपी६८ आहे म्हणून समुद्रात नेऊ नका, ते रेटिंग गोड्या पाण्याचं आणि थोड्या वेळाचं असतं, शिवाय पाण्यात टचस्क्रीन चालतच नाही. मोबाईलची हाऊसिंग मिळतात, सीलाइफचं स्पोर्टडायव्हर ४० मीटरचं आहे आणि त्याला खरी बटणं आहेत, आजच्या चांगल्या फोनचा व्हिडिओ टीजीपेक्षा सरस येतो हे पण खरं. मला मात्र ज्या वस्तूत माझी बँक, तिकीट आणि आईचा फोन आहे ती वस्तू वीस मीटर खाली न्यायची हिंमत होत नाही. त्यात मुंबईतल्या एका दुकानातून मी एकदा बिननावाचं मोबाईल हाऊसिंग घेतलं होतं, खोक्यावर ६० मीटर लिहिलेलं. आठ मीटरला दाबाने बटणंच आत गेली आणि बाहेर येईनात, स्प्रिंग कमजोर, फोन आपोआप शंभर फोटो काढत बसला, सगळे माझ्या फिन्सचे. परत करायला गेलो तर दुकानदार म्हणतो साहेब तुम्ही पाण्यात नेलं होतं का. यावर काय बोलणार.

सीलाइफचाच मायक्रो ३.० म्हणून एक पूर्ण सीलबंद कॅमेरा आहे, उघडायला दारच नाही, आतच ६४ जीबी, ६० मीटर. ज्यांना ओ-रिंगची भीतीच वाटते त्यांना तो बरा, पण फोकस फिक्स्ड, म्हणजे मॅक्रो विसरा.

टीजी-७ पण आलाय, २०२३ ला, आता ब्रँडचं नाव ओएम सिस्टिम. यूएसबी-सी आलं, उभा व्हिडिओ नीट सेव्ह होतो, पण सेन्सर-लेन्सचा मूळ मामला तोच आणि पीटी-०५९ हाऊसिंग पण तेच चालतं. म्हणून टीजी-६ सेकंडहँड चांगला मिळत असेल तर मी तोच घेईन आणि उरलेल्या पैशात लाईट. बघताना बॅटरीच्या आणि यूएसबीच्या दाराची रबरं बघा, दाराच्या आत पांढरे मिठाचे डाग किंवा हिरवट गंज दिसला तर विकणारा कितीही म्हणाला की एकदाच स्विमिंग पूलमध्ये नेलाय, तरी सोडून द्या. हाऊसिंग असेल तर त्याची काच उजेडात तिरकी धरून चरे बघा, आणि नवीन ओ-रिंग लगेच घ्या, दोन घ्या, आपल्याकडे हे सुटे पार्ट सहज मिळत नाहीत, माझ्या बहिणीने सिंगापूरहून येताना आणल्या. विमानात सगळ्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही, लाईटच्या पण, आणि लाईटची बॅटरी लाईटमधून काढून ठेवा. एकाचा लाईट बॅगेत आपोआप चालू झाला होता, टी-शर्टला भोक पडलं.

आणखी एक, हे कॅमेऱ्याचं नाही पण लिहितोच. पहिल्या वीस-पंचवीस डाइव्ह कॅमेरा नेऊच नका. मी नेला होता आणि त्या वेळचा एक व्हिडिओ अजून ठेवलाय, त्यात माझाच गुडघा प्रवाळावर टेकलेला दिसतो, मी मात्र समोरच्या लायनफिशमध्ये गुंग. प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्याच यादीत. एका जागी न हलता तरंगता आलं, हाताने काही न धरता, की मगच मायक्रोस्कोप मोड. तोवर मालवणला जो ऑपरेटर स्वतःच्या गोप्रोवर व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपला पाठवतो ना, तो पुष्कळ झाला. डिस्कव्हर स्कूबावाल्यांना (कोर्स न करता इन्स्ट्रक्टरबरोबर उतरणाऱ्यांना) तर तसाही कॅमेरा हातात देत नाहीत.

माझा आत्ताचा सेट म्हणाल तर टीजी-६, पीटी-०५९, एक छोटा ट्रे एकाच दांडीचा, एक व्हिडिओ लाईट, हाताला गुंडाळी दोरी, एवढंच. स्ट्रोब घरी कपाटात आहे, फक्त अंदमानला नेतो. वाईड व्हिडिओ लागला तर जुना हीरो ७ ट्रेच्या वरच्या स्क्रूला लावतो, उतरताना रेकॉर्ड दाबला की वर येईपर्यंत त्याच्याकडे बघायचंच नाही. म्हणजे 'दोन्हीसाठी एकच कॅमेरा' विचारणाऱ्यांना माझं खरं उत्तर दोन कॅमेरे असं आहे, फक्त दुसरा जुना आणि फुकटचा. फेब्रुवारीत नेत्राणी परत ठरतंय. या वेळी टॉवेल नेणार नाही, लुंगी नेईन, तिचे दोरे निघत नाहीत.